अकरा रेकॉर्डी आन् माझे कान

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आधी दोन-तीन वर्सं मी शिरूरच्या बाहेर मिशनच्या दवाखान्यात पडून व्हते. क्षय झाला व्हता. तवा त्या दुखण्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसं, आमच्या सासूबाई ‘बारीक ताप’ म्हणायच्या. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं आमची वस्ती. अडीच वर्साची लेक सासूबाईंच्या कडेवर दिली आन् मी बैलगाडीत बसले. मागं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर उतरले असते.

बायकांची बराक येगळी. दहा खाटा, वर पत्रा. कोपऱ्यात टेबलावर पेटीतला फोनो. आधीच्या मडमबाई इलायतेला गेल्या तवा रेकॉर्डींसकट ठेवून गेल्या व्हत्या. दुपारचं जेवण झालं की दोन तास गप पडून ऱ्हायचं, बोलायचं न्हाई, खोकला आला तरी दाबायचा. मग चारच्या सुमाराला सिस्टरबाई यायच्या, चावी द्यायच्या, पिन बदलायच्या आन् रेकॉर्ड लावायच्या. सिस्टरबाई आपल्यातल्याच, मराठी, ख्रिस्ती, नगरकडच्या. बोलायला कडक.

अकरा रेकॉर्डी व्हत्या. आठ महिने मी त्याच ऐकल्या. मला वाचाय येत व्हतं दुसरीपुरतं, गाण्यातलं काय कळत नव्हतं, पर तेच-तेच ऐकलं की माणसाचं मत व्हतं.

चार रेकॉर्डी येशूच्या भजनांच्या. पेटी, तबला, आन् धा-बारा गडी-बाया मिळून म्हणायचे. मी माळकऱ्याच्या घरची, पर मला त्या आवडल्या. कुणाला घाई न्हाई, कुणी पुढं पळत न्हाई, एका चाकोरीनं गाड्या चालाव्या तसं. एक मात्र पटली न्हाई. तिच्यात एक बाई सगळ्यांच्या वर आवाज काढायची आन् बाकीचे तिच्या मागं धापा टाकायचे. चारचौघांत म्हणायचं तर चारचौघांसारखं म्हणावं.

एक नाटकातल्या गाण्याची. त्यो गडी एकच शबुद घेऊन बसायचा. दात नसलेला म्हातारा सुपारी ह्या गालातनं त्या गालात फिरवतो तसा त्या शब्दाला फिरवायचा, तवर बाजू संपायची. आख्खं गाणं काय व्हतं ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. पर दम लई व्हता त्याचा. आम्ही सगळ्या फुटक्या छातीच्या बाया, आम्हाला गाण्यापरीस त्याच्या दमाचा हेवा वाटायचा.

दोन शिनेमाच्या. त्यातली एक अंगाई, आवाज दोऱ्यावानी बारीक. सगळ्या ती मागायच्या आन् सगळ्या रडायच्या. मला ती आवडत न्हाई असं मी सांगायचे. खरं म्हंजी सोसत नव्हती. एक व्हती पलटणीच्या बँडची, तिचा ढोल वाजला की खाटेचं लोखंड हाताखाली हालायचं. एक नवरा-बायकोच्या भांडणाची, ती नुसती बोलायची व्हती. तिनं हसू यायचं, हसलं की खोकला, खोकला आला की रगत. सिस्टरबाईनं ती कपाटावर टाकली.

आन् दोन मडमेच्या. म्हंजी कुणा गोऱ्या बाईच्या गाण्याच्या. एक चिरलेली व्हती, एकच वाजायची. पहिल्या दिवशी मी उशी कानावर धरली. मला वाटलं बाईच्या घराला आग लागलीय. शेवटाला ती वर जायची, आणखी वर, आन् घार कशी पंख न हालवता एका जागी ऱ्हाती तशी तिथं ऱ्हायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर दौंडची एक बाई व्हती. तिचा नवरा इंजनावर कोळसा टाकायला. आम्ही तिला आक्का म्हणायचो. ती म्हणायची, “हिच्यापरीस आमच्या यार्डातलं इंजान बरं. ते शिट्टी मारून निदान गाडी तरी वढतं.”

आता भीतीचं सांगते. रोज सकाळी सुई टोचायचे, आज ह्या अंगाला, उद्या त्या अंगाला. आन् दिवसातनं तीनदा पुड्या. पांढरी भुकटी, खारट-कडू, पोटात गेली की मळमळायचं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणले व्हते, “कानात शिट्टी वाजली, चक्कर आली, तर लगीच सांगायचं. लपवायचं न्हाई. सुई थांबवावी लागंल.”

आक्काच्या पलीकडं वढूची एक बाई व्हती. तिला चक्कर आली, तिनं सांगितलं. तिची सुई थांबवली. दीड महिन्यानं तिला चादरीत गुंडाळून नेली. मी बघितलं. सुई थांबली, बाई गेली, एवढं माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडं औषध म्हंजी सुईच. डॉक्टरनं सुई टोचली न्हाई तर माणसं म्हणायची, ह्यानं मला बघितलंच न्हाई. पुड्या काय, पुड्या वैदूबी देतो.

म्हणून मी पुड्या टाकून द्यायचे. तोंडात धरायची, सिस्टरबाई पुढच्या खाटेकडं गेल्या की पदरात थुंकायची, आन् न्हाणीकडं जाताना राखेच्या ढिगात पुरायची. पोटात अन्न टिकलं पायजे, अंगात ताकद आली पायजे, मग सुई तिचं काम करंल, असा माझा हिशेब.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस अंगाई लागली व्हती. मी म्हणलं, “आज रेकॉर्ड किती साफ वाजती. पुसली वाटतं.”

आक्का माझ्याकडं वळली. “साफ? अगं, कढईत लाह्या फुटाव्या तशी खरखर चाललीय. कान हायेत का नुसती भोकं?”

सगळ्या हसल्या. मीबी हसले. पर खरं सांगते, मला खरखर ऐकूच येत नव्हती.

दोन दिसांनी कानात रातकिडा बसला. भर दुपारी, पत्रा तापलेला, आन् माझ्या डोक्यात किर्रर्र. मी कुणाला बोलले न्हाई. बोलले तर सुई जाणार. पर किती गेलं, किती ऱ्हायलं ते कळायला पायजे व्हतं. माणसाच्या बोलण्यावरनं कळंना, तोंडाकडं बघून समजायचं. मग माझ्या ध्यानात आलं, सगळ्यात बारीक आन् सगळ्यात वर जाती ती मडमबाई. तिच्यावर कान धरायचा.

तवापासनं मी रोज तीच मागायला लागले. “सिस्टरबाई, तेवढी मडमेची लावा की.”

सिस्टरबाई खूश झाल्या. “तुला कळाय लागलं बघ,” म्हणल्या. मी खाटेवर बसून डोळे मिटायची. जिथं ती वर जाऊन ऱ्हाती तिथपर्यंत मी तिच्या मागं जायची. पहिल्या आठवड्यात गेले. मग एक दिवस घार दिसंना. वर गेली एवढं कळायचं, आन् मग एकदम ती खाली यायची तवाच सापडायची. मधला तुकडा गेला. दर आठवड्याला त्यो तुकडा वाढत व्हता. चार वाजायच्या आधीच मी उठून बसायची. ज्या बाईचं गाणं मला नको व्हतं, तिला मी मनातल्या मनात म्हणायची, बाई, आज जरा मोठ्यानं म्हण.

बराकीतल्या बायांना येगळंच वाटलं. सिस्टरबाई कुणावर खूश असल्या की तिला सकाळी एक अंडं जास्त मिळायचं. त्या म्हणायला लागल्या, ही अंड्यासाठी मडमेच्या गाण्याला माना डोलावती.

एक दिवस सिस्टरबाईला डॉक्टरनं बोलावलं. त्या जाताना आक्काला म्हणल्या, “तू लाव.” आक्कानं चावी दिली, रेकॉर्ड फिराय लागली. मी डोळे मिटले. पियानो आला, बाई आली, वर गेली, हरवली, परत सापडली. मी मान हालवत व्हते. डोळे उघडले तवा सगळ्या माझ्याकडं बघून हसत व्हत्या.

आक्का खाटेजवळ आली, तोंड मोठ्ठं करून म्हणली, “गोड म्हणली का गं आज?”

“लई गोड.”

पुन्हा हसल्या. पर आक्का हसली न्हाई. तिचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणली, “अगं पोरी, मी पिन ठेवलीच नव्हती. तुझी लबाडी पकडायची म्हणून नुसती फिरवली.”

गाणं मला इतकं पाठ झालं व्हतं की ते आतच वाजत व्हतं. आतलं कुठलं आन् बाहेरचं कुठलं ते मला कळत नव्हतं. किती दिस असं चाललं व्हतं देव जाणं.

मी तिचा हात धरला. “आक्का, पाया पडते तुमच्या. सांगू नका. सुई थांबली तर मी मरंन.”

“आन् बहिरी झालीस तर?”

“बहिरी आई चालंल माझ्या पोरीला.”

आक्का आपल्या खाटेवर गेली. पाच दिस तिनं सांगितलं न्हाई, आन् पाच दिस मला भांडणाचा एक शबुद लावला न्हाई, जी बाई दिवसातनं धा बारा टोमणे मारल्याशिवाय जेवत नव्हती. मी भिंत धरून चालाय लागले व्हते. जमीन होडीवानी हालायची. सहाव्या दिवशी न्हाणीपाशी दगडावर पडले, कपाळ फुटलं. रगत पुसत सिस्टरबाई आक्काला काय तरी इचारत व्हत्या. मला ऐकू आलं न्हाई, पर आक्कानं बोट आपल्या कानाकडं नेलेलं मी बघितलं.

मी तिला नको-नको ते बोलले. “तुम्ही माझा जीव घेतला,” म्हणलं. ती खाली बघून उभी.

सिस्टरबाई माझ्या खाटेवर बसल्या. कानाशी येऊन इचारलं, “कधीपासनं?”

“महिना झाला. जास्तच.”

“उद्यापासनं सुई बंद.”

मी रडले न्हाई. त्या बोलत ऱ्हायल्या. “अगं, सुई थांबली म्हणून औषध थांबत न्हाई. वढूच्या बाईची दोन्ही फुफ्फुसं आधीच गेली व्हती. तुझ्या पुड्या हायेत की. पुड्या आन् सुई मिळून काम करत्यात. एक थांबली तरी दुसरी हायेच.”

तवा मला कळलं मी काय केलंय ते. राखेचा ढीग डोळ्यापुढं आला. मला वाटलं गप बसावं. मग वाटलं, गप बसून-बसूनच इथवर आलीय.

“पुड्या मी खाल्ल्या न्हाईत.”

“किती न्हाई खाल्ल्या?”

“वढूच्या बाईला नेली तवापासनं एकबी न्हाई.”

सिस्टरबाईनं डोक्याचा रुमाल सोडला आन् परत बांधला. मला वाटलं मारत्यात. पर त्यांच्या तोंडावर राग नव्हता, भीती व्हती. त्या कडक बाईला भ्यालेली बघून मी जेवढी भ्याले तेवढी वढूच्या बाईला नेताना बघूनबी भ्याले नव्हते. त्यांनी डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणले म्हणं, नुसत्या सुईला रोग सरावला असंल तर अवघड हाय.

त्या दिवसापासनं पुडी तोंडात टाकली की सिस्टरबाई समोर उभ्या. “आ कर. जीभ वर कर.” तीन येळा, पाच महिने. सोबत गोळ्या. मी वकायची, पाणी प्यायची, पुन्हा खायची. रोज सकाळी थुंकीच्या भांड्यात लाल हाय का बघायची, आधी एक डोळा उघडून. मेले न्हाई आज, असं म्हणायची, आन् लगीच उद्याची भीती वाटायची. आक्काशी मी तीन दिस बोलले न्हाई. चौथ्या दिवशी तीच आली, माझ्या तळहातावर साखर ठेवली आन् म्हणली, “पुडीवर खा, रांडंचे.” मी खाल्ली.

चारला फोनो चालूच असायचा. माझी मतं सगळी उलटीपालटी झाली. बारीक आवाज गेले. अंगाई म्हंजी नुसती तबल्याची थाप ऱ्हायली. भजनातली ती वर ओरडणारी बाई गेली, आन् मला वाटायचं, आता ती रेकॉर्ड कशी नीट वाजती बघा. बँड हाताला कळायचा. आन् सुपारी चघळणारा त्यो नाटकवाला, त्याचा खालचा आवाज शेवटपर्यंत माझ्याजवळ ऱ्हायला. त्याला मी नावं ठेवली व्हती. आता इचाराल तर अकरांत त्योच मोठा. मडमेची रेकॉर्ड लागली की मी भिंतीकडं तोंड करायची. ती चांगली गात असंल. मला तिचं गाणं म्हणून कधी ऐकायलाच मिळालं न्हाई. आधी मला ती ओरडती असं वाटायचं, आन् नंतर मी तिला मोजत बसले.

पाच महिन्यांनी छातीचा फोटो काढला. डॉक्टर त्यो खिडकीसमोर धरून उभे. मी स्टुलावर. त्यांचे ओठ हालले. मला काय बी कळंना. मिशा व्हत्या त्यांना, ओठ दिसायचे न्हाईत. इचारायची भीती, न इचारायची त्याहून भीती. मी सिस्टरबाईकडं बघितलं. त्या वाकल्या आन् कानात म्हणल्या, “फोटो चांगला हाय. घरी जा म्हणत्यात.”

“परत सांगा.”

त्यांनी परत सांगितलं. मी म्हणलं, आणखी एकदा. तिन्ही येळा तेच म्हणल्या तवा मी स्टुलावरनं उठले.

पुड्या घरी आणखी वर्सभर खाल्ल्या. जीव वाचला, कान परत आले न्हाईत. मोठ्या माणसाचं जवळनं बोललेलं कळायचं. लेकीचा आवाज बारीक, त्यो न्हाई. ती समोर असली तर तोंडाकडं बघून समजायचं, मागं गेली की ती न्हाईच. आन् आमच्या वस्तीवरची विहीर बिनकठड्याची. पोर मागं पडली, ओरडली, तर मला काय कळणार? म्हणून कामाला गेले की तिच्या मनगटाला चिंधी बांधायची आन् दुसरं टोक माझ्या कमरंला.

सासूबाई रागवायच्या. “पोरगी हाय का शेळी? सोड तिला.”

मी म्हणायची, “शेळी म्हणा. सोडणार न्हाई.”

शाळंत घातली तवा सोडली. पहिल्या दिवशी मास्तर मला हातानं खुणावत व्हते, जावा, जावा घरी. मी शाळा सुटंस्तवर फाटकाशी उभी ऱ्हायले, खिडकीतनं तिचं डोस्कं दिसंल अशा बेतानं.