पोळीखालची भाकरी
शेजारी तव्यावर ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास आला, की मला माझीच किळस येते. शहाद्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी वजन उतरवायला सांगितलं होतं. ओट्स आणि फळं आमच्या एका पगारात बसेनात, म्हणून मी ज्वारीवर आले. भाकरी, अंबाडीची भाजी, पातळ ताक. महिनाभरात ब्लाऊज सैल झाला. मग एका दुपारी सुरतहून नणंद न सांगता टपकली. आमच्या घरात पाहुण्यापुढे भाकरी ठेवणं म्हणजे नाचक्की. त्यात ही बाई जेवणाच्या ताटावरून माणसाची लायकी ठरवणारी. मी टोपलीतल्या भाकरी पोळ्यांखाली दडपल्या आणि तिच्यासमोर तूप लावलेल्या चार पोळ्या ऐटीत हाणल्या. माझं खाणं बघून ती हसली, "वहिनी, इतल्या पोया खास, मंग बारीक कशी व्हशी?" संध्याकाळी लपवलेल्या भाकरी मी मागच्या दारी आलेल्या कापूस वेचणाऱ्या बाईला दिल्या, डॉक्टरांनी बारीक व्हायला सांगितलंय म्हणून केल्या होत्या, असं म्हणत. काडीसारखी ती बाई भाकरींकडे बघत म्हणाली, "ताई, डॉक्टरनी तुमले सांगं ना? मी आखो कितली बारीक व्हसू?" आज गुडघ्यांना पट्टे बांधून मी भाकरी थापते, आणि दाराची बेल वाजली की हात अजूनही आधी पोळी शोधतो.