आळेफाट्याच्या अलीकडचा फाटा

शंकरअण्णा ड्रेसर गोठ्यात शिरले की मालकाला राम राम नंतर. आधी जनावराशी श्वास जुळवायचे. टोपी खिशात, डोळे मिटलेले, कान बरगडीला. थोड्या वेळाने त्यांची छाती जनावराच्या तालावर वरखाली व्हायला लागायची. शेळीपाशी लगबगीने, घोडीपाशी संथ. एकदा यात्रेत ते एका घोडीला कान लावून इतका वेळ उभे राहिले, की माशी घोडीच्या पाठीवर बसली आणि कातडी अण्णांची थरथरली. मी स्वतः पाहिलंय. माझं नाव पोपट, त्यामुळे लोक माझ्या बोलण्यातला निम्मा भाग वजा करतात. या गोष्टीतला करू नये.

अण्णा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा बांधायच्या, सुई देताना जनावर धरायचं, एवढंच त्यांचं काम. पण पेठपासून पार जुन्नरच्या डोंगरापर्यंत लोक डॉक्टरांना बोलवायचे आणि वाट अण्णांची बघायचे. घर पेठलाच. अंगाने काडी, कान मात्र सुपाएवढे. बरं, वाटीएवढे म्हणा.

"निरोगी छाती कशी वाजती ठावं हाय का? पिंपळाची पानं हलल्यावानी," ते म्हणायचे. "आन् घोडं तोंडानं श्वास घेत न्हाई, फकस्त नाकानं. म्हून घोड्याच्या नाकाशी मस्करी न्हाई करायची."

त्यांचं आवडतं भाषण रस्त्याचं. "नरडं म्हंजी पुणे-नाशिक रोड समज. तुजा माजा रस्ता सरळ आळेफाट्याला जातो, तिथं दोन वाटा व्हत्यात. एक डाव्या फुप्फुसाला, एक उजव्या. पर गाई-बैलाला आळेफाट्याच्या अलीकडंच उजव्या हाताला एक जादा फाटा आसतो. आत नको ते शिरलं, की पयलं तिथंच उतारतं." म्हणून ते बैलाचा उजवा पुढचा पाय पुढे ओढून आधी काखेतच कान घालायचे.

आमच्याकडे तेव्हा शर्यतीचा बैल होता. हत्तीएवढा, नाव चिमण्या. माझे वडील, आप्पा, त्याने वैरणीला तोंड लावल्याशिवाय भाकरी मोडत नसत. पौषातली यात्रा चार दिवसांवर आली आणि चिमण्याचं पोट फुगलं. आप्पा नेमके बाजाराला गेलेले. मी वीस वर्षांचा, म्हणजे सर्वज्ञ. बांबूचा नळा घेतला, गोडेतेल भरलं, चिमण्याची जीभ बाहेर ओढून मुठीत धरली आणि नळा उपडा केला. अण्णांनी गावोगाव घसा फोडून सांगितलेलं होतं: जीभ ओढू नका, ओढली की जनावराला गिळता येत नाही, श्वासनळीचं झाकण उघडं राहतं. मी ते दहादा ऐकलं होतं. पण घाई होती आणि जीभ धरली की तोंड हलत नाही, काम झटपट होतं.

चिमण्या खोकला. दोन आखूड, मग एक लांब, ओली, शेवटी शिट्टीसारखी ओढ.

पोट उतरलं, खोकला राहिला. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. अण्णा आले, काखेत कान घातला आणि तसेच राहिले. मग त्यांच्या घशातून बुडबुड्यांसारखा आवाज यायला लागला. डोळे न उघडता म्हणाले, "फाट्यावर कायतरी उतारलंय. पोपट, जीभ वढली व्हती का?"

आप्पा समोर उभे. मी म्हणालो, "न्हाई अण्णा. थंडी बाधली."

डॉक्टरांनी सुया दिल्या. अण्णा रोज येऊन चिमण्याबरोबर श्वास घेत बसायचे. आठव्या सकाळी धुई एवढी दाट होती की गोठ्यातून गोठा दिसत नव्हता. त्या धुईत आम्हाला दोघांचे श्वास ऐकू येत होते. मग एकाचाच यायला लागला. कोणाचा थांबलाय हे कळेना, म्हणून आप्पा हाताने चाचपत आत गेले.

डॉक्टरांनी ओढ्याकाठी चिमण्याची छाती उघडली. अण्णांनी डाव्या फुप्फुसाचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला, तो तरंगला. गुलाबी, हलका. मग उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागाचा, त्या जादा फाट्यावरचा, टाकला. तो दगडासारखा बुडाला आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"आसं कशानं झालं अण्णा?" आप्पांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "पोपट सांगंल."

"थंडीच ती," मी म्हणालो.

अण्णा फक्त खोकले. दोन आखूड, एक लांब, शेवटी शिट्टीसारखी ओढ. आप्पांनी दचकून बादलीकडे पाहिलं.

तो खोकला पुढे दहा वर्षं गेला नाही. पुण्याला छातीचा फोटो काढला, त्यात काही नाही. पारगावला एकदा उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग लागली होती, कडेला अण्णा चहा पीत उभे. खोकले, आणि रांगेतल्या शंभर बैलांनी एकदम माना वळवल्या. बरं, चाळीस म्हणा. एक गाडीवान म्हणाला, "पावणं, बैल कुठं बांधलाय तुमचा?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "अण्णा, औषध घ्या की राव."

"औषध तुज्यापाशी हाय," ते शांतपणे म्हणाले. "ह्यो माजा खोकला न्हाई पोपट. चिमण्याचा हाय. तू आप्पाला खरं सांगितलं, की त्यो जाईल. तवर मी सांभाळतो."

हसत म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी टाळलं. आप्पांनी चिमण्यानंतर बैल बांधला नाही. रिकाम्या दावणीपाशी रोज झाडून काढायचे. ते बघितल्यावर तोंड उघडेना. शेवटी एका सकाळी, आप्पा ओट्यावर उन्हाला बसले होते, मी एका दमात सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता.

आप्पांनी रिकाम्या दावणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती वढली व्हती जीभ?"

मी हाताने दाखवलं.

"एवढी?" ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "लई दुखलं आसंल रं त्याला."

मी तशीच मोटारसायकल काढली आणि पेठला गेलो. अण्णांना सांगायचं होतं, सुटलात. दारात अक्का, त्यांची बायको, उभी होती.

"आत्ताच थांबला बघ खोकला," ती म्हणाली. "उन्हं ओट्यावर आली तवा. दहा वर्सांत पयल्यांदा. म्हटलं, झोपू द्यावं."

आत अण्णा उजव्या कुशीवर निजले होते. मी त्यांचा उजवा हात पुढे घेतला आणि काखेत कान घातला. पानं हलत नव्हती. बुडबुडे नव्हते. रस्ता सगळा मोकळा होता, आणि त्यावर कोणीच नव्हतं.

अक्का दारातून म्हणाली, "झोपल्यात न्हवं?"

"झोपलेत," मी म्हणालो. पुन्हा खोटं.

आणि मला ठसका आला. दोन आखूड.