वर गेलेलं पारडं

बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला चाव्या करणारा आणि दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारी बाई, यांच्या मधल्या जेमतेम दोन खुर्च्यांच्या दुकानात काटेमास्तर बसत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि आलेल्या गिऱ्हाइकाची शाळा घेणं ही खोड, म्हणून मास्तर. वय एकसष्ट, चष्मा कपाळावर, आणि तोंडात सतत एक 'का'.

भाजीवाला काटा घेऊन आला की मास्तर विचारत, "बटाटे एकेक ठेवता की एकदम ओतता?" तो वैतागून म्हणे, "मास्तर, काटा चुकतोय तेवढा बघा ना!" पण मास्तरांना काटा चुकतोय यापेक्षा तो का चुकतोय यात जास्त रस. काटा उघडला की तासभर ते स्वतःशीच पुटपुटत बसत. डिजिटल काट्यांचं कामही ते करत, पण मन रमायचं ते जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत. "आकडा काय, कुणीही छापतो," असं ते म्हणत. "पारडं वर गेलं की हलकं, खाली गेलं की जड. संपलं."

या एका वाक्याने पुढे त्यांचा घात केला. पण ते जरा नंतर.

मास्तरांना एक बहीण. आक्का. त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर चार वर्षांचे होते. तिथून पुढे न्हाऊमाखू घालण्यापासून धपाटे घालण्यापर्यंत सगळं आक्काने केलं. ते तेरा वर्षांचे असताना ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. मधून मधून यायची. गेली एकोणीस वर्षं तेही बंद होतं. दर रविवारी फोन मात्र चुकला नाही.

एका रविवारी आक्काच्या ऐवजी भाचा बोलला. "मामा, आई काल मला विचारत होती, तू कुणाचा मुलगा म्हणून. तुझं नाव मात्र रोज घेते. अजून घेते. यायचं असेल तर लवकर ये. हवं तर तिकीट मी काढतो."

"बहिणीला भेटायला यायचं आणि तिच्याच पोराच्या खिशात हात घालायचा?" मास्तर म्हणाले. "ते मला जमायचं नाही. आम्ही आमचे येतो. मी आणि तुझी मामी, दोघंही."

 आपण तिला ओळखू येणार नाही असा दिवस उजाडायच्या आत पोहोचायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या रस्त्यावरच्या विमानतिकिटांच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, तीन टेबलं, त्यांतली दोन रिकामी. तिसऱ्यावरच्या तिकीटवाल्या बाईंनी भाव सांगितला आणि मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दोन तिकिटं आणि तिकडचा महिनाभराचा खर्च धरला तर शिल्लक सगळी धुऊन निघत होती. पण खर्च निघत होता. कमी पडत नव्हती.

"सध्या सुट्ट्या आहेत ना, म्हणून भाव चढलेत," बाई म्हणाल्या. "मंगळवारी गेलात तर जरा कमी. दोनदा विमान बदललंत तर अजून कमी."

"म्हणजे जास्त वेळ विमानात बसायचं आणि पैसे कमी द्यायचे?"

"हो."

"का?"

बाईंनी मान वर केली. असा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. "असंच असतं, काका."

"आणि एकाच रांगेत बसलेल्या दोघांनी दोन वेगळे भाव दिलेले असतात म्हणे?"

"हो, कधी काढलं त्यावर आहे ते."

"वजनावर नाही?"

"माणसांचं वजन नाही करत, काका."

"करायला हवं," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आणि खिडकीचे वेगळे पैसे ना? मग मी बाहेर बघणारच नाही असं लिहून दिलं तर?"

बाई हसून हसून बेजार झाल्या. पुढे मास्तरांचा दर गुरुवारी तिथे फेरा सुरू झाला. विमान रिकामं गेलं तर भाव उतरतो का? मग रिकामं जाईपर्यंत वाट का बघत नाहीत? बाईंना निम्म्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक नसत, पण गुरुवारची त्या वाट बघू लागल्या होत्या एवढं खरं.

आता त्या घाताबद्दल. तिकडे गेल्यावर तिकडचं चलन लागणार, तिकिटाचा भावही त्याच चलनात ठरतो, हे मास्तरांना बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. म्हणून ते रोज सकाळी वर्तमानपत्रातला चलनांचा तक्ता बघायला लागले. आकडे मुंगीएवढे. पण प्रत्येक ओळीपुढे छोटा बाण असे, वर किंवा खाली. तिकडच्या चलनापुढचा बाण आठवड्यामागून आठवडे वर.

वर! मास्तर खूश. पारडं वर जातंय म्हणजे हलकं होतंय. आपलं पारडं जड होतंय. हे आणखी थोडं वर जाऊ द्यावं, सुट्ट्याही संपतील, तोवर भाव विचारायचाच नाही, मग एकदम जाऊन तिकिटं काढावीत. चाळीस वर्षं ज्या नजरेने पोट भरलं, त्या नजरेवर कशाला संशय घ्यायचा?

गंमत म्हणजे त्यांना कुणी अडवलंही नाही. तिकीटवाल्या बाईंना ते एकदा म्हणाले, "तिकडचं चलन वर चाललंय, चांगलंच झालं," तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो काका!" बाईंना वाटलं, यांना तिकडून पैसे येत असणार, मुलगा-बिलगा असेल. बायकोला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "वजनातलं तुम्हाला कळतं. मला काय विचारता?" एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्यात खोट काढणारी ही बाई नेमकी त्याच दिवशी गप्प बसली. खरं तर ती गडबडीत होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून तिने चालायला बरे असे मऊ तळव्याचे बूट घेतले होते आणि घरातल्या घरात, पलंगापासून मोरीपर्यंत, ते घालून सराव करत होती.

फोनवर मास्तर आक्काला सांगत, "थोडी थांब गं. हलकं होतंय." आक्का म्हणे, "बरं." काही रविवारी ती त्यांना नावाने हाक मारी. काही रविवारी नुसतंच "बोला" म्हणे.

असे चार महिने गेले. सुट्ट्या संपल्या. मग एका गुरुवारी मास्तर शिलकीचं पासबुक खिशात घालून, दाढी करून, ऐटीत ऑफिसात शिरले. "काढा दोन तिकिटं!"

बाईंनी भाव काढला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी दोनदा चष्मा पुसला.

"हे जास्त कसं? सुट्ट्या संपल्या ना?"

"भाव थोडा उतरलाय, काका. पण चलन केवढं वर गेलंय बघा ना. उतरलेलं सगळं त्यातच गेलं, वर आणखी चढलं."

"वर गेलंय म्हणूनच तर म्हणतोय! वर गेलं म्हणजे हलकं झालं ना?"

बाई हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "काका, तुम्हाला पैसे तिकडून येतात ना?"

"नाही हो. इथूनच न्यायचेत."

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद घेतला, गोल काढले, बाण काढले आणि समजावलं. मास्तर एकही प्रश्न न विचारता ऐकत होते. त्यावरूनच बाईंना कळलं की मामला बिकट आहे. शेवटी ते एवढंच म्हणाले, "म्हणजे या काट्यात वर जातं ते जड?"

"हो."

"कुणी केला हो हा काटा?"

बाईंनी पुन्हा एकदा आकडेमोड केली. आता पैसे एकाच माणसापुरते होते.

घरापर्यंतची पंधरा मिनिटांची वाट मास्तरांना तासभर लागली. लाज वाटत होती. शहरातला निम्मा बाजार ज्याच्या भरवशावर माल तोलतो, त्याला एक बाण कळू नये! आणि त्या चार महिन्यांत तिकडे आक्काच्या डोक्यातून एकेक माणूस निघून जात होतं. पैसे गेले याचं दुःख होतं, पण ते सोसण्यासारखं होतं. दिवस गेले ते त्यांना सोसवत नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. कणीक मळत होती, मळत राहिली. "मग तुम्ही जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी कशाला? तीस तास तुमचे प्रश्न ऐकायला? त्या विमानातल्या पोरींना ऐकू देत जरा."

"मी चुकलो गं."

"हो, चुकलात," ती म्हणाली. "आता अजून चुकू नका. उद्याच काढा तिकीट." नंतर ती मोरीत भांडी घासत असताना भांडी जरा जास्तच वाजली. दुसऱ्या दिवसापासून ते मऊ बूट घालून ती बाजारात जायला लागली. फुकट कशाला घालवायचे, म्हणाली. मास्तरांना त्या बुटांकडे बघवेना.

तिकीट स्वस्तातलं स्वस्त. मंगळवारचं, दोनदा विमान बदलायचं, मधल्या एका विमानतळावर अकरा तास बसायचं, आणि सामान म्हणजे हातातली एकच बॅग, सात किलो. मास्तरांनी ती दुकानातल्या तराजूत तोलली. एका पारड्यात बॅग, दुसऱ्यात वजनं. दांडी अशी आडवी की माशी बसली तरी कलेल. विमानतळावरच्या मुलीने तीच बॅग काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "सात किलो दोनशे. जास्तीचे पैसे भरावे लागतील."

"बॅग उचला," मास्तर म्हणाले.

"काय?"

"उचला तरी."

बॅग उचलली. रिकामा काटा दोनशे ग्रॅम दाखवत होता. मागच्या रांगेत खसखस पिकली. मुलीने ओठ चावून बॅगेला पट्टी लावली. पुढचे काही तास मास्तरांना पुन्हा मास्तर झाल्यासारखं वाटलं. खिडकीचे पैसे भरले नसतानाही खिडकी मिळाली, आणि ढगांचं वजन किती असेल याचा विचार करण्यात पहिलं विमान कधी उतरलं ते कळलंच नाही. शेजारच्याला विचारलं तर तो झोपेचं सोंग घेऊन पडला.

भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ. खिडकीपाशी खुर्चीत आक्का बसली होती आणि मांडीवर डबा घेऊन बटणांतून पांढरी बटणं वेगळी काढत होती. केस सगळे गेले होते, हात मात्र तेच. 

"आई, बघ कोण आलंय," भाचा म्हणाला. "मामा."

"आक्का, मी गं," मास्तर म्हणाले.

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं, अगदी आदराने. मग हसली. "काहीतरीच! माझा भाऊ तरुण आहे. तुम्ही तर माझ्याएवढे दिसता. बसा ना, उभे का?"

मास्तर बसले.  भाचा काही बोलणार होता. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"काय करता तुम्ही?" आक्काने विचारलं.

"काटे दुरुस्त करतो. वजनाचे."

"अगंबाई! माझा भाऊपण तेच करतो. ओळखता का त्याला?"

"थोडंफार," मास्तर म्हणाले.

"येणारेय तो. तिकीट महाग आहे म्हणून थांबलाय. थांबू दे बापडा, मी कुठे जातेय?" तिने एक पांढरं बटण बाजूला ठेवलं.

 आयुष्यभराची सवय म्हणून म्हणा, मास्तरांच्या तोंडून प्रश्न निघालाच. "कसा आहे हो तुमचा भाऊ?"

"हुशार. पण भोळा. जे सांगाल त्यावर विश्वास ठेवतो." आक्काने दाराकडे पाहिलं, भाचा आत गेला होता. ती पुढे वाकली. "एक सांगू? मी इकडे यायला निघाले ना, त्या दिवशी त्याला शाळेत धाडलं. म्हटलं, विमानतळाकडे जायची गाडी संध्याकाळी आहे. गाडी दुपारचीच होती. तो समोर असता तर माझा पाय निघाला नसता हो. मग सगळ्यांना सांगून ठेवलं, त्याला म्हणा, गाडी लवकर आली." तिने एक काळं बटण परत डब्यात टाकलं. "त्याला सांगू नका हं."

अठ्ठेचाळीस वर्षं मास्तरांना एवढंच ठाऊक होतं, की गाडी लवकर आली.

"नाही सांगत," ते म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढली. "आणि विमानात बसल्यावर रडलात का हो?"

"रडले की. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला त्यांचा," आक्का म्हणाली. "तो परत करायचा राहूनच गेला बघा."