गाववार लावलेली माणसं

जगातल्या प्रत्येक माणसाची एक ठरलेली जागा असते आणि ती जागा देवाच्या खालोखाल एकाच माणसाला ठाऊक असते, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं. तो एक माणूस कोण, हे सांगायची गरज नाही. मामा मूळचे पारोळ्याकडचे, सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये टाइमकीपर होते. कामगार फाटकातून आत शिरायच्या आधीच त्याचं कार्ड भिंतीवरच्या खणातून काढून हे उभे. वीस-बावीस वर्षं माणसं खणात घालायची आणि खणातून काढायची सवय झाल्यावर, मोकळा हिंडणारा माणूस दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. नमस्कार-चमत्कार मागाहून, आधी प्रश्न यायचा, "गाव कोनतं शे?" मी सातारा जिल्ह्यातला, बँकेच्या बदलीनं सुरतेत येऊन पडलेला. हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर जी कणव दाटून आली, ती मी जन्मात विसरणार नाही.

मिलच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यातला एक जुना मामांनी भेस्तानच्या घरी आणला. त्यांची मुलगी ज्योती उधन्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. एका रविवारी तिनं बापाला फोल्डर म्हणजे काय ते समजावलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. फोल्डरात फोल्डर करता येतो, त्याच्या पोटात आणखी एक करता येतो, हे कळल्यावर मामांना आकाश ठेंगणं झालं. समाजातली लग्नं जुळवायची त्यांना हौस. आजवर मुलामुलींची माहिती कापडी पिशव्यांत कोंबलेली असायची, ती सगळी कॉम्प्युटरात चढली. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, गावात भावकी, आणि सगळ्यांच्या तळाशी, विहिरीत पडलेल्या बादलीसारखी, त्या बिचाऱ्या मुलाची फाईल. एक बायोडेटा उघडायचा तर मामा वाटेतल्या प्रत्येक फोल्डरपाशी थांबून दोन शब्द बोलायचे. तिथला बाजार कधीचा, पाणी कसं, कोणाची कोणाशी का फाटली. अमळनेर ओलांडेपर्यंत पाहुण्यांचा दुसरा चहा होऊन जायचा. लग्न जमलं की फाईल गावातून निघून 'मार्गी लागलेले' नावाच्या फोल्डरात जाई. मी घरचा जावई, पण माझी फाईल 'इतर'मध्ये होती. तिथं माझ्या सोबतीला फक्त प्रिंटरची माहिती होती.

धुळ्याचे दोन तुकडे होऊन नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा सरकारी कचेऱ्यांची काय धांदल उडाली ठाऊक नाही, मामांनी मात्र मिलमधून तीन दिवसांची रजा काढली. "सरकारनं जिल्हा करून टाकला, जावईबापू. माणसं कोण हलवणार?" शहादा, तळोदा एकेक उचलून ते माउसनं नव्या जिल्ह्यात नेऊन ठेवत होते. अक्कलकुवा वाटेत हातातून सुटून कुठंतरी पडला, तो शोधण्यात एक अख्खी दुपार गेली. शेवटी साक्रीत सापडला. इतका आनंद मामींनी मामांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता, असं त्या स्वतः म्हणाल्या.

आता या शिस्तीचा प्रसाद कोणाला मिळाला, तेही सांगतो. मामांच्याच मिलमधल्या एका फोरमननं मुलासाठी स्थळ विचारलं. मामांनी शिंदखेड्याच्या पोटातून एक मुलगी काढून दिली. फोरमन, त्याची बायको आणि मुलगा पॅसेंजरनं तापी लाईनवर धक्के खात त्या गावी पोचले, तर घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरगी तं जन्मापासून सुरतले शे. भेस्तानले, पाण्याच्या टाकीमागं." फोरमन राहायचा त्याच टाकीच्या पुढच्या गल्लीत. परत आल्यावर तो तडक मामांकडे आला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव तर बरोबर निघालं ना?" लग्न झालं, हे खरं. मामांनी ते आपल्या पद्धतीच्या खात्यात जमा केलं.

घोडं अडलं ते ज्योतीपाशी. दोन वर्षांनी रिटायर होऊन पारोळ्याजवळच्या आपल्या गावी जायचं, मुलगी एसटीनं तासाभरात येऊन-जाऊन असेल अशा घरी द्यायची, एवढं एकच स्वप्न घेऊन हा माणूस आयुष्यभर फाटकावर उभा राहिला होता. त्यामुळे स्थळं यायची ती पारोळ्याची नाहीतर एरंडोलची, आणि ज्योती प्रत्येकाला नाही म्हणायची. उधन्याचा एक मुलगा तिच्या मनात होता. समाजातलाच, क्लासमध्ये तिच्याबरोबर शिकवणारा. हे तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं. मामांनी तिला समजवायला मलाच बोलावलं आणि मी मख्खासारखा दोघांच्या मध्ये बसलो.

"पप्पा, एक मिनिट बेसो ने," असं गुजरातीत म्हणत, बापाला खाली बसवून ज्योतीनं स्वतःची फाईल उघडली. 'गाव' या रकान्यातलं नाव खोडून तिनं तिथं सुरत लिहिलं.

"सुरत काय गाव आहे?" मामा म्हणाले. "ते कामाचं ठिकाण."

"तुमचं. माझा जन्म इथला, शाळा इथली. तुमच्या गावात मी चार लग्नांपुरती गेलेय. मला तिथं कोणी ओळखत नाही, पप्पा. मला इथंच राहायचंय." मग तिनं उधन्याच्या मुलाचं नावही सांगून टाकलं.

मामांनी पडद्यावरची जिल्ह्यांची यादी वरून खाली चाळली. मग हळू आवाजात म्हणाले, "सुरतचा फोल्डरच नाही आपल्याकडे." ज्या शहरातल्या मिलच्या फाटकावर या माणसानं वीस-बावीस वर्षं काढली, त्याचा त्यांच्या कॉम्प्युटरात मागमूस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

त्यांनीच तो फोल्डर केला. एकेक अक्षर शोधून सुरत लिहिलं, ज्योतीची फाईल गावातून ओढत आणली आणि तिथं ठेवली. मग पुन्हा आपल्या गावाचा फोल्डर उघडून पाहिला. गावची बाकी पोरं त्यांनीच केव्हाची मार्गी लावली होती. आत आता काहीच उरलं नव्हतं.

मी बँकेतला माणूस, रिकामी गोष्ट ठेवायची नाही एवढंच मला शिकवलेलं. बोलून गेलो, "मामा, हा काढून टाकायचा का?"

त्यांनी माउसवरचा हात काढला नाही. "रिकामं शे तं काय व्हयनं, जावईबापू?" ते म्हणाले. "मन्हं गाव शे ते."