लोखंड बाहेर

साळवे मॅडमच्या चाचणीघराच्या दाराशी प्लास्टिकची एक टोपली असायची. किल्ल्या, मोबाइल, पट्टा, केसांतल्या पिना, सगळं तिच्यात काढून मगच आत जायचं. पहिल्या दिवशी मी बूट घालून तसाच शिरलो, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "टाचेत खिळे असतील. लोखंड बाहेर." मालकांनाही त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर पट्टा काढायला लावला होता. बिचारे एका हातानं पँट सावरत उभे होते.

चिकलठाण्याच्या त्या शेडमध्ये आम्ही छोट्या उपग्रहांची दिशा सांभाळणारी यंत्रणा तपासायचो. उपग्रह टेबलावर ठेवून खालून हवा सोडली, की तो हवेच्या पातळ थरावर अलगद तरंगायचा. मग पृथ्वीचं चुंबकत्व ओळखून त्यानं आपलं आपण एका दिशेला तोंड करून राहायचं. जवळ लोखंड आलं की फसायचा. तो डगमगला की आमचे हात आपोआप पुढे जायचे.

"हात काढा," मॅडम म्हणायच्या. "वर कोण धरणारंय त्याला?"

हा उपग्रह त्यांनी पहिल्या स्क्रूपासून उभा केला होता. मधेच कॅन्सर निघाला, मणक्यात उतरला. रजा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "ह्याला सरळ राहिलेला बघू दे. मग रजाच रजा." त्या असं हसून बोलल्या की मला राग यायचा.

त्या चाकांच्या खुर्चीतून येऊ लागल्या आणि चाचण्या बिघडू लागल्या. उपग्रह दरवेळी जरा वाकडा थांबायचा. कारण आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण सांगायचं कोणी? प्रोग्रॅममध्ये चूक शोधल्याचं सोंग करत राहिलो. मॅडम औषधांच्या गुंगीत असाव्यात, किंवा त्यांनाही ते बघायचं नसावं. एका दुपारी त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला.

"लोखंड तर मीच आत आणतेय की रे." मी मान खाली घातली. "लई येडे आहात सगळे. चल, ढकल मला बाहेर."

प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांची पाठ टिकेना. म्हणून त्या दाराच्या काचेपलीकडे, बऱ्याच मागं बसल्या. त्या दिवशी उपग्रह वळला, सरळ झाला आणि तसाच राहिला. मी काचेकडे पाहिलं. डोळे पुसायचे सोडून मॅडम दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवत होत्या, की कोणी हात लावू नका.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. लासूर स्टेशनहून त्यांच्या आई आल्या. "जय भीम" म्हणून दाराशी थांबल्या आणि कोणी न सांगता कमरेची किल्ली, डोक्यातल्या पिना काढून टोपलीत ठेवल्या. आत येऊन टेबलावरच्या उपग्रहाकडे बघत राहिल्या.

"शेवटी ती कुठं बसायची, बाबा?"

मी काचेपलीकडे बोट दाखवलं.

"आत नाय?"

त्या बाहेर गेल्या, त्याच जागी फरशीवर बसल्या आणि काचेतून आत पाहू लागल्या.

मी हवा सोडली आणि हात काढले.