कडू भिंत

आमच्या घरात मातीची आता एकच भिंत उरली आहे. बाकीचं घर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाडून नवं केलं. ही भिंत शेजारच्या काकांची आणि आमची सामाईक. ती पाडली असती तर त्यांची आतली खोली उघडी पडली असती, म्हणून मिस्त्रीने तिच्या अलीकडे सिमेंटचे खांब उभे केले आणि तिला होती तशी राहू दिली. त्यामुळे आमच्या नव्या स्वयंपाकघराला तीन बाजूंनी पांढऱ्या चकचकीत टाईल्स आहेत आणि चौथ्या बाजूला, जेवणाच्या टेबलामागे, ही तपकिरी भिंत.

तिचं शेवटचं लिंपण आईच्या हातचं. दरवर्षी धान कापणीला येण्याच्या जरा आधी आई भिंती लिंपायची. आई डावखुरी होती. ओल्या मातीवरून तिचा पंजा फिरला की बोटांच्या कमानी उमटत, त्या इतर बायकांच्या भिंतींवरच्या कमानींच्या उलट्या दिशेला वळत. गावात कुणीही ती भिंत पाहून सांगितलं असतं की ही हिची. आई गेली त्याला आता दोन पावसाळे उलटले. मी रोज सकाळी तुमसरच्या बसला निघण्याआधी, कुणी बघत नसेल तेव्हा, त्या कमानींत माझी बोटं ठेवून बघत असे. माझी बोटं तिच्याहून बारीक आहेत. खाचा जराशा मोकळ्याच राहायच्या.

मी तुमसरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. घरात बाबा, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. आई गेली तेव्हा ही मुलगी पाळण्यात होती. ती मोठी होत गेली तसं घर तिच्या मापाचं होत गेलं, आणि मला जे लिहायचं आहे ते खरं तर याबद्दलच.

आईचे गुडघे दुखायचे. चुलीपुढे उकिडवं बसून तिने उभा जन्म स्वयंपाक केला. गॅस आला तोही जमिनीवरच मांडला गेला, कारण खाली बसून रांधायची सवय होती आणि ओटा बांधायचं मनावर कुणी घेतलं नाही. ती बाबांना म्हणायची, एक ओटा करून द्या, उभ्याने भाकरी टाकता येईल. बाबा म्हणायचे, पाहू. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचं पाहू म्हणजे नकार नव्हता, पण होकारही कधी झाला नाही. आई उठताना एक हात जमिनीवर टेकवायची आणि दुसरा याच भिंतीवर.

ती गेल्यावर बाबा बोलायचे जवळजवळ थांबले. मी कॉलेजातून आले की विचारायचे, आलीस. जेवताना म्हणायचे, घे. त्या हिवाळ्यात मुलगी रांगायला लागली. घरभर सारवलेली जमीन, तिच्यात खडे. एके दिवशी तिचा गुडघा सोलला आणि तुळतुळीत कातडीवर रक्ताचे दोन ठिपके आले. बाबा बराच वेळ त्याकडे बघत बसले. संध्याकाळी भाऊ घरी आल्याबरोबर त्याला म्हणाले, "पोरीचे गुडघे सोलून राहिले. फरशी करून टाकू. सारं घरच करून टाकू."

मी तेव्हा ताटं वाढत होते. हातातली वाटी मी खाली ठेवली, उचलून पुन्हा ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

उन्हाळ्यात घर पाडलं आणि पावसाआधी उभं राहिलं. गुळगुळीत फरशी, जिन्याला लोखंडी फाटक, घरातच नळ. ओटाही झाला, वहिनीच्या उंचीचा, काळ्या दगडाचा. मिस्त्री मापं घेत होता तेव्हा वहिनी टेपचं टोक कमरेशी धरून उभी होती आणि बाबा तिला विचारत होते, हात अवघडत नाही ना, अजून बोटभर वर घेऊ का. मी दारात उभी राहून ते ऐकलं आणि आत निघून गेले.

वहिनी लाखांदूरकडची. मोकळी, कामाला वाघ, आणि माझ्याशी चांगलीच वागते. मला राग धरायला तिने कधी जागा ठेवली नाही, हीच माझी अडचण. नव्या घरात माझ्या खोलीत तिने सांगून भिंतभर कप्पे करून घेतले, ताईची पुस्तकं पेटीत कुजून राहिली म्हणून. मी त्या कप्प्यांत पुस्तकं लावली. मनात येत होतं, आईला एका ओट्याची जागा मिळाली नाही आणि माझ्या पुस्तकांना भिंतभर मिळाली.

पण वहिनीपेक्षा जास्त मला त्या मुलीचा हेवा वाटायचा. दोन वर्षांच्या मुलीचा हेवा करणं हे लिहिताना विचित्र दिसतं. वाटायचं मात्र ते खरं. माझ्याशी दोन शब्द बोलणारे बाबा तिच्याशी सकाळभर बोलायचे. बोडीवर, म्हणजे आमच्या शेतातल्या छोट्या तळ्यावर, बगळे किती आले, कोणत्या बांधाला खेकड्यांनी भोक पाडलं, बैल का रुसला, सगळं तिला सांगायचे. ती त्यांच्या मिशा ओढायची. मी चाळीस वर्षं त्यांची मुलगी आहे, मला बैलाच्या रुसण्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी तुमसरहून चित्रांची पुस्तकं आणायचे. ती पुस्तक उलटं धरून एक पान बघायची आणि ते बाबांच्या मांडीवर टाकून द्यायची. मग बाबा चष्मा लावून तिला ते दाखवायचे. मला कुणी बोलावत नसे. बोलावायचं कुणाला सुचतही नसेल.

यंदाच्या पावसाळ्यात मुलगी ती भिंत खायला लागली.

दोन वर्षं तिला कुणी लिंपलं नव्हतं. पहिल्या वर्षी घर सुतकातलं, दुसऱ्या वर्षी नवं घर लावण्यात गेलं, आणि तिसरं कारण माझं मला ठाऊक होतं. नवी माती चढली की आईची बोटं बुजणार. म्हणून मी विषयच काढला नाही. भिंत कोरडी पडून पोपडे धरू लागली. मुलगी टेबलाखालून तिथे जायची, नखाने पोपडा काढायची आणि तोंडात टाकायची. खाली जिथे तिचा हात पोचत होता तिथल्या कमानी एकेक करून नाहीशा होत होत्या. भाऊ हसायचा. एवढ्या महागाच्या टाईल्स सोडून मातीच चाटते, गावठीच निघाली, म्हणायचा. मला हसू येत नव्हतं. आईचं जे काही या घरात उरलं होतं तेही ती घेऊन चालली होती, आणि तेही चवीने.

डॉक्टरांनी माती बंद करायला सांगितलं तेव्हा वहिनीने जेवताना विषय काढला. बाकीच्या बाजूंसारख्या इथेही टाईल्स लावून घेऊ, मिस्त्री गावातच आहे. भाऊ हो म्हणाला. मी म्हटलं, नको. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, कारण या घराच्या कामात मी कशालाच नको म्हटलं नव्हतं.

"ताई, मी भिंतीले वाईट म्हणत नाही," वहिनी म्हणाली. "पण हिच्या पोटात जंत झाले तर रातभर जागन कोण?"

मी म्हटलं, रविवारी मी लिंपते. ताजी भिंत कडक असते, पोपडे सुटणार नाहीत. त्यावरही तिने खाल्लीच, तर टाईल्स लावा. वहिनीने मान हलवली. आईची बोटं बुजवायचं मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. नाहीतर सगळी भिंतच गेली असती.

रविवारी बोडीवरची माती आणून मी सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, भिजवली. कोंडा मिसळून पायांनी तुडवत होते. बाबा मुलीला कडेवर घेऊन बघत उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कडुलिंबाचा पाला उकळून टाक त्यात. कडू होते. तुह्या मायनं तसंच केलतं."

मी विचारलं, कधी.

"तू भिंत खात होती तवा."

मी तुडवायची थांबले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. बाबांनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ते पाला तोडायला गेले.

मी दुपारभर लिंपलं. वरून सुरुवात केली, म्हणजे खालच्या कमानी शेवटपर्यंत राहतील. मी उजव्या हाताने लिंपते, त्यामुळे माझ्या कमानी आईच्या कमानींच्या उलट वळत गेल्या. शेवटची उरलेली जागा, जिथे ती उठताना हात टेकवायची, ती मी डाव्या हाताने लिंपायचा प्रयत्न केला. ते वेडंवाकडं झालं. तसंच ठेवलं.

माती वाळल्यावर मुलगी टेबलाखालून गेली आणि तिने जीभ लावली. तोंड आवळलं, थुंकली आणि रडत वहिनीकडे पळाली. मी तिथे सगळ्यात जवळ होते, पण ती माझ्या शेजारून पळाली. तरी मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीचा नंबर तिच्याकडे होता आणि शब्द माझा होता.

बाबांनीही पाहिलं होतं. ते उठले, टेबल त्यांनी एका बाजूला सरकवलं, सतरंजी आणून भिंतीपाशी टाकली आणि पाठ टेकून तिथे बसले. मुलगी येऊन त्यांच्या मांडीवर बसली. तिचा हात भिंतीला पोचेना.

मी विचारलं, "मी सोडली होती का कडू केल्यावर?"

"कायची सोडते," बाबा म्हणाले. "तोंड वाकडं करे अन् चाटे. मग तुही माय बसे इथं. दुपारभर अशीच पाठ लावून. तू मांडीवर."

वहिनी ओट्याशी भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकलं. टाईल्सचं नाव मग तिने काढलं नाही.

आई दुपारभर माझ्यासाठी त्या भिंतीला टेकून बसायची, आणि मला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. बाबांच्या मांडीवरची ती मुलगीही हे विसरणार आहे. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी सारख्या. पण तिच्याकडे ते आत्ता आहे, रोज सकाळी आहे, आणि मी बसला निघताना दारातून वळून बघते तेव्हा मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

आता बाबांच्या सदऱ्याला पाठीवर रोज त्या भिंतीची माती लागते. वहिनी तो कपड्यांबरोबर भिजवून टाकते. परवा मी तो तिच्या बादलीतून काढून घेतला. ती म्हणाली, राहू द्या ताई, मी धुते ना. मी म्हटलं, नाही, हा मी धुणार. माझा आवाज जरा चढला असावा. ती बादली उचलून बाजूला झाली.