धुराड्यातली बाळंतीण

बातमी तपासून मगच पुढे सोडायची, हे काम मी आधी पुण्यात आणि नंतर लंडनमध्ये मिळून बरीच वर्षं केलं. लंडनच्या कडेला पिनरमधलं घर घेताना त्या अनुभवाचा काडीचाही उपयोग झाला नाही. एका बाजूने शेजारणीच्या घराला चिकटलेलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेलं ते घर. एजंटच्या माहितीपत्रकात 'चालू स्थितीतली फायरप्लेस' असं छापलेलं होतं. छापलेलं आहे म्हणून मी विश्वास ठेवला. छापलेल्या मजकुरात काय काय घुसू शकतं हे पाहण्यासाठीच मला पगार मिळत होता.

मार्चमध्ये आई आली. "गुडघे चालताहेत तोवर एकदा येते, पुन्हा आग्रह करायचा नाही," असं तिने निघण्यापूर्वीच फोनवर बजावलं होतं. तिची एकच अट होती: नव्या घराची वास्तुशांत तिच्या डोळ्यांदेखत व्हायची. होम न झालेल्या घरात राहणं तिच्या लेखी हॉटेलात राहण्यासारखं होतं आणि मुलगा हॉटेलात राहतो हे तिला पुण्यात कोणाला सांगायचं नव्हतं. परतीचं तिकीट मेच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. त्याआधीचा एक शनिवार आम्ही ठरवला.

गुरुजी आठवडाभर स्लाऊच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत आणि शनिवार-रविवारी पूजा सांगत. फोनवर त्यांनी रूढ पद्धत सांगितली.

"स्मोक अलार्मला शॉवर कॅप घाला, म्हणजे धुराने वाजणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा. होमकुंड मी आणतो, छोटं आहे. सगळे तसंच करतात."

"शॉवर कॅपची गरज नाही गुरुजी," मी म्हणालो. "आमच्याकडे फायरप्लेस आहे. कुंड आतच ठेवू. धूर थेट वर."

"बसल्यावर तुमचं तोंड कुठल्या दिशेला येतं?" त्यांनी विचारलं.

मी ट्रेकिंगचं होकायंत्र आणून तपासलं. पूर्व. दुसऱ्या दिवशी सूर्योदय कुठे होतो तेही पाहिलं. दोन सूत्रांकडून खात्री झाल्यावर गुरुजींना कळवलं. दिशा मी दोनदा तपासली. धूर ज्या वाटेने जाणार ती वाट एकदाही तपासली नाही.

त्या दिवसांत आई मला एक गोष्ट वारंवार सांगत होती. दुपारी मी आणि बायको कामावर असताना बैठकीच्या भिंतीतून आवाज येतो. आधी खरवडल्यासारखा यायचा, आता किलबिल केल्यासारखा येतो.

"बॉयलर असेल," मी म्हणालो.

"बॉयलर स्वयंपाकघरात आहे. मी बैठकीचं सांगतेय."

"पाइप सगळीकडून फिरतात, आई."

"बरं. तुझे पाइप भुकेले दिसतात."

घटनास्थळी हजर असलेल्या एकमेव साक्षीदाराचं म्हणणं मी अशा रीतीने निकालात काढलं.

ठरलेल्या शनिवारच्या आधीच्या रविवारी मी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. कल्पना माझीच होती आणि तेव्हा मला ती फार जबाबदारीची वाटली. जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे केले, त्यावर लाकडं रचली आणि काडी ओढली. वर्तमानपत्र लगेच पेटलं. धूर वर गेला, तिथे काही विचार केल्यासारखा थबकला आणि खाली आमच्याकडे आला. बैठक दिसेनाशी झाली. अलार्म किंचाळायला लागला. बायको टॉवेल घेऊन त्याच्याखाली पंखा झाल्यासारखे हात फिरवत होती. आई नाकाला पदर लावून दारात उभी होती.

"धूर वर जातो म्हणालास ना?"

"जाईल. आधी धुराडं तापावं लागतं."

"तोवर आपण कुठे जायचं?"

मी लाकडांवर पातेलंभर पाणी ओतलं, तेव्हा धुराला वाफही येऊन मिळाली. मग दाराची बेल वाजली. शेजारची बाई ड्रेसिंग गाऊनमध्ये उभी होती. आमची धुराडी एकाच भिंतीत शेजारी शेजारी होती आणि थोडा धूर तिच्या बेडरूममध्येही निघाला होता. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं की फायर ब्रिगेडला आम्ही बोलावणार आहोत की तिने बोलवायचं.

"शॉवर कॅप," बायको आतून म्हणाली. "पौंडाला दहा मिळतात."

मंगळवारी धुराडी साफ करणारा धुराडेवाला आला. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, स्वतःवर खूश असलेला माणूस. लग्नाच्या दिवशी नवरीला धुराडेवाला दिसला तर तिचं नशीब फळफळतं, असा इकडे समज आहे. त्यामुळे आपण महिन्यातून एकदा तरी चर्चच्या दारात ब्रश घेऊन नुसते उभे राहतो आणि लोक आपल्याशी हात मिळवतात, हे त्याने बूट काढायच्या आत सांगितलं. आईपुढेही त्याने हात केला. आईने त्या हाताकडे पाहिलं आणि लांबूनच नमस्कार केला. त्यानेही ब्रश काखेत धरून हात जोडले.

त्याने फायरप्लेससमोर चादरी अंथरल्या, गुडघ्यांवर बसला, डोकं आत घातलं. बाहेर जाऊन त्याने छपराकडे पाहिलं. करड्या मानेचा, कावळ्यापेक्षा लहान पक्षी चोचीत काहीतरी घेऊन धुराड्यात उतरला. आतून किलबिल झाली. आईने माझ्याकडे पाहिलं.

"जॅकडॉ," धुराडेवाला म्हणाला. "कावळ्याचेच नातेवाईक. वरून काटक्या टाकत राहतात, अडकल्या की त्यावर घरटं. पिल्लं आहेत. आता मी हात लावू शकत नाही, कायदा आहे. पिल्लं उडाली की बोलवा."

"कधी उडतील?"

"जूनमध्ये. त्यांनी मला तारीख दिलेली नाही."

मी कायद्यात घरट्याची व्याख्या नेमकी काय आहे, धुराड्याच्या वरच्या भागाला ती लागू होते की संपूर्ण धुराड्याला, असे प्रश्न विचारले. त्याने चादरी गुंडाळल्या. मग मी आईला सगळं मराठीत समजावून सांगितलं आणि घाईघाईने पुढे जोडलं, की तरीही शनिवारी होम होईलच. गुरुजींची पद्धत आहे, खिडक्या आहेत, शॉवर कॅप आहे.

"होम नाही करायचा," आई म्हणाली.

"का?"

"घरात बाळंतीण आहे. सोयर असताना वास्तुशांत करतात का कोणी?"

बायकोने विचारलं, "मग गार्डनमध्ये करू या का, आई?"

"अगं, घर एकच ना?"

मी गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. सोयर भाऊबंदांनी पाळायचं, पक्ष्यांचं आपल्याला काही नाही, असं ते स्पष्टपणे म्हणाले. मला हायसं वाटलं. अधिकृत सूत्राने माझी बाजू उचलून धरली होती.

"एका छपराखाली राहतात," आई फोनच्या दिशेने म्हणाली. "मी इथे आल्यापासून दुपारी माझ्याशी बोलणारं दुसरं कोण आहे? हे दोघं सात वाजता उगवतात."

गुरुजींनी घसा साफ केला. "आई म्हणतात तर थांबा."

"पण तिचं तिकीट आहे!" मी म्हणालो. "मेमध्ये!"

खोलीत मीच एकटा ओरडत होतो. होम तिच्यासाठीच करायचा होता, ती गेल्यावर तो आम्ही कोणासाठी करणार होतो, हे मला कळेना. आई दोन महिने कॅलेंडरवर दिवस मोजत होती. इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही, दूध पाणचट आहे, मे महिन्यात स्वेटर घालावा लागतो, या तिच्या तक्रारी मला पाठ होत्या.

"तिकीट पुढे ढकल," ती म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"त्या माणसाला विचार. नाहीतर नको, मीच लक्ष ठेवते."

तिने खरोखरच लक्ष ठेवलं. संध्याकाळी घरी आलो की मला सविस्तर वृत्तांत मिळायचा: आज बाप जास्त फेऱ्या मारत होता, आज एक पिल्लू काठावर येऊन परत गेलं, आज सगळ्यांत धाकटंही शेजारणीच्या छपरावर बसलं. शेजारीणही कुंपणापलीकडून पाहायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांचं काही अडलं नाही.

जूनच्या उत्तरार्धात भिंत गप्प झाली. आईने आणखी दहा दिवस जाऊ दिले, मग धुराडेवाल्याला बोलावण्याची परवानगी दिली. त्याने पोतीच्या पोती काटक्या काढल्या, नंतर ब्रशने काजळी. काटक्या वाळलेल्या आणि एकसारख्या होत्या. समिधा म्हणून वापरता येतील, असं मी सुचवलं.

"दुसरीचं घर जाळून आपल्या घराची शांत करायची?" आईने विचारलं. पोती बागेच्या कोपऱ्यात ठेवली गेली.

धुराड्याच्या तोंडाला जाळी बसवू का, म्हणजे पुन्हा पक्षी येणार नाहीत, असं धुराडेवाल्याने जाळी दाखवत विचारलं. मी हो म्हणणार होतो. आईने नुसती नकाराची मान हलवली. "जाळी नको म्हणते," मी त्याला इंग्रजीत सांगितलं. मग पक्षी पुन्हा येतील म्हणून आम्ही यापुढे कधीही शेकोटी पेटवणार नाही, असं वचनही मीच त्याला दिलं. हा होम सोडून.

होम त्यानंतरच्या शनिवारी झाला. मी सोवळ्यात, फायरप्लेसकडे म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, मांड्या दुखत असूनही बसलो होतो. अलार्मवर शॉवर कॅप होती. बायकोने माझ्या देखत घातली आणि मी हरकत घेतली नाही. गुरुजींनी अग्नी पेटवला, मी तुपाच्या आहुत्या सोडल्या. धूर वर गेला. मधेच गुरुजी थांबले.

"मातोश्री कुठे आहेत?"

बायको शोधायला गेली. आई समोरच्या फुटपाथवर, जरीच्या साडीवर माझा स्वेटर घालून, शेजारणीबरोबर मान वर करून उभी होती. दोघी धुराड्याकडे पाहत होत्या. आई आत आली, पाय धुतले, पाटावर बसली आणि पदर सारखा केला.

"सरळ निघतोय," ती गुरुजींना म्हणाली. "चालू द्या."